बागेला बासष्ट, आम्हाला पस्तीस

रोज संध्याकाळी सात-सव्वासातला आप्पांचा फोन येतो. आप्पा म्हणजे माझे वडील. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे आणि मला कळतं तेव्हापासून आप्पा बागेतच आहेत. पूर्वी घरचा फोन म्हणजे आईचा फोन, सगळं बोलून झालं की ती विचारायची, आप्पांना देऊ का, आणि मागून आवाज यायचा, राहू दे, काय बोलायचंय. त्यात राग वगैरे काही नसायचा, तसंच होतं आमच्याकडे. पण गेल्या जुलैपासून आप्पा स्वतः फोन लावतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आज किती झालं?"

मी बायकोच्या पोटातल्या बाळाचे आठवडे सांगतो. मग ते बागेचे दिवस सांगतात, शेवटच्या छाटणीपासूनचे. मग थोडं पावसापाण्याचं, थोडं सुनेच्या जेवणाखाण्याचं, आणि "बरं ठेवू?" एवढंच. पण हा फोन आला नाही तर आता मला चुकल्यासारखं होतं आणि बायको तर पावणेसात झाले की फोन चार्जिंगवरून काढून माझ्याजवळ आणून ठेवते.

मे महिन्यात कळलं आम्हाला. पहाटे पाचला तिने मला हलवून उठवलं, हातात ती किट होती, दुसरी रेघ इतकी फिकट की मी बाथरूमचा लाईट लावून, मग मोबाईलचा टॉर्च मारून, मग गॅलरीत नेऊन बघितली. आम्ही पुण्यात धायरीत राहतो, वन बीएचके, समोरच्या बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथल्या वॉचमनच्या चुलीचा धूर येत होता आणि आम्ही दोघं गॅलरीत उभं राहून त्या रेघेकडे बघत होतो. मला नक्की काय वाटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मला एकदम तहान लागली, आणि मी दोन तांबे पाणी प्यायलो.

आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत. मला हे आधी जुनाट वाटायचं. मग नवव्या आठवड्यात एका रात्री तिला डाग दिसला. अगदी थोडा, तपकिरी. रात्री साडेअकराला रिक्षा मिळेना, मिळाली तर खड्डे, मी रिक्षावाल्या दादांना सारखं सांगतोय हळू घ्या हळू घ्या, आणि ती माझा हात धरून बसलेली, एक शब्द नाही. सोनोग्राफीत डॉक्टर मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि बोट दाखवलं. काळ्या डागात एक पांढरा ठिपका लुकलुकत होता. "हे ठोके, चांगले आहेत." गोळ्या दिल्या, आठ दिवस आराम सांगितला, डाग थांबला. पण त्या रात्री मला कळलं की कुणाला न सांगण्यामागे भीती असते, आणि ती भीती खरी असते. जुन्या बायकांनी अशी किती दुःखं कुणालाही न सांगता गिळली असतील म्हणून तो नियम झाला असेल. आता मी त्याला जुनाट म्हणत नाही.

जुलैत बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली, ती ज्यात बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात, आणि सगळं नॉर्मल आल्यावर आम्ही गावी गेलो सांगायला. आई रडली, देवापुढे साखर ठेवली, दृष्ट काढली. आप्पा पडवीत बसले होते. मी सोनोग्राफीचा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, उजेडाला धरला, खूप वेळ बघितला, आणि म्हणाले, "डोळं तपासणीत असंच दिसतंय की."

द्राक्षवाल्यांना कळेल हे, बाकीच्यांसाठी सांगतो. वेलीची वर्षातून दोनदा छाटणी असते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. लोकांना वाटतं द्राक्षं फळछाटणीनंतर तयार होतात. तसं नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर जी नवी काडी येते तिच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, साधारण चाळीस ते साठ दिवसांत, पुढच्या वर्षीचा घड आतल्या आत तयार होतो, सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात त्याला. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. काडी नुसती काडीच. मग फळछाटणीच्या आधी शेतकरी काड्या घेऊन लॅबमध्ये जातात, तिथे डोळा कापून मायक्रोस्कोपखाली बघतात, तीच डोळे तपासणी, आत घड आहे का आणि कुठल्या डोळ्यात आहे, त्यावरून काडी कुठे कापायची ते ठरतं. आप्पांनी ते इतक्या वेळा बघितलंय की धूसर काळ्यापांढऱ्यात काहीतरी गोल, मऊ, नुकतं आकार घेतलेलं बघायची त्यांच्या नजरेला सवय आहे. मला स्वतःला त्या फोटोत डोकं कुठलं आणि पाय कुठले हे मॅडमनी सांगितल्यावर कळलं होतं. आप्पांनी विचारलंच नाही, बरोबर डोक्यावर अंगठा ठेवला.

मग म्हणाले, "किती दिवस झालं?"

आई म्हणाली, अहो तिसरा सरतोय. तर म्हणे महिने नको, दिवस सांगा. मी सांगितलं की डॉक्टर आठवडे मोजतात, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, एकूण चाळीस आठवडे म्हणजे दोनशे ऐंशी दिवस. बायकोला या हिशोबाचं सुरुवातीला फार आश्चर्य वाटलं होतं, ती म्हणायची अरे पण पहिले दोन आठवडे तर बाळ नसतंच की, ते कसे काय धरायचे? आप्पांना मात्र त्यात विचित्र काही वाटलं नाही. म्हणाले, "बरोबर हाय. छाटणीच्या दिवशी तरी काडीवर काय असतंय? पण दिवस तिथनंच मोजायचं."

आणि मग कॅलेंडर काढून त्यांनी स्वतः हिशोब केला. तिच्या पाळीची तारीख आणि आमच्या बागेची खरड छाटणी एकाच आठवड्यातली निघाली. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला पोचलो तर पहिला फोन आला. "आज किती झालं?"

जुलै-ऑगस्टचे दिवस तिला जड गेले. फोडणीचा वास चालेना, मोहरी तडतडली की ती बेडरूमचं दार लावून घ्यायची, म्हणून मी दोन महिने फोडणीच बंद ठेवली, उकडलेलं, भाजलेलं, ताकातलं असं काय काय शिकलो. तिचं माहेर बार्शीचं. तिला डोहाळे लागले ते कडक ज्वारीच्या भाकरीचे, पापडासारखी मोडणारी, आणि त्यावर शेंगदाण्याची लालभडक चटणी. ती चटणी पुण्यात मिळते पण तिच्या मते ती ती नव्हेच. मग सासूबाईंनी खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली चटणी डबा भरून एसटीने पाठवली, स्वारगेटला जाऊन घेऊन आलो, आणि ती जिन्यातच डबा उघडून बोटाने खायला लागली. तिच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांनी जो आनंद बघितला ना, मी रोज स्वारगेटला गेलो असतो.

मग घरात तो विषय निघाला. बाळंतपण कुठे? पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. सातव्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि मुलीला माहेरी न्यायचं, ती बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत येणार. या पद्धतीमागे माया आहे हे मला माहीत आहे. सासरी सून पाय पसरून बसू शकत नव्हती, आईजवळ बसू शकत होती. पण म्हणजे मी कुठे? शनिवारी रात्रीच्या गाडीने जाणार, रविवारी रात्रीच्या गाडीने येणार. बाळ पाहुण्यासारखं बघायचं. मला ते नको होतं, आणि तिलाही नको होतं. तिने एका रात्री स्पष्टच सांगितलं, "मला आई पण हवी आणि तू पण हवास, मला दोघांतून एक निवडायला लावू नका."

मी हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली. मला वाटलं तिला आवडलं नाही. मग तिने मला माझ्या जन्माची गोष्ट सांगितली. मी एकतीस वर्षांचा आहे आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मी १९९४ च्या ऑक्टोबरचा. आईचं माहेर आटपाडीकडचं, ती तिकडे गेलेली. इकडे बागेची नुकतीच छाटणी झालेली, कोवळी फूट निघालेली, आणि परतीचा पाऊस लागून राहिला. अशा वेळी डावणी येते, म्हणजे वेलीवरची बुरशी. डावणी आली की दोन-तीन दिवसांत हिरवी बाग हातातून जाते, आणि त्या बागेवर सोसायटीचं कर्ज होतं. आप्पा आणि आज्जा दिवस-रात्र औषध मारत होते. तेव्हा ट्रॅक्टरचा ब्लोअर वगैरे नाही, पंपाला पाइप जोडून ओळीओळीने हिंडायचं. आईला रात्री कळा सुरू झाल्या, पहाटे मी झालो. निरोप एसटीच्या कंडक्टरकडे दिला, तो तासगाव स्टँडवर एका पानपट्टीवाल्याला, तिथून आमच्या गावच्या दूधवाल्याला, असं करत तिसऱ्या दिवशी आप्पांना कळलं की मुलगा झाला. आणि ते आले बाराव्या दिवशी, बारशाला.

"आले ते दारातच उभं राहिले," आई म्हणाली. "माझी आई म्हणाली, या की आत, बघा लेकाला. तर म्हणाले, इथनंच बघतो. तुला बाहेर नेऊन त्यांच्यापुढं धरलं तरी हात पुढं करंनात. मला लई वाईट वाटलं तेव्हा. बारा दिवसांनी आलंय माणूस आणि लेकरू घेत न्हाई. रात्री मी विचारलं तर हात दाखवले. हात सगळे निळे. मोरचूद आणि चुना, बोर्डो औषधाचा रंग, नखात, भेगांत बसलेला, साबणाने घासून घासून कातडं निघालेलं पण रंग जाईना. म्हणाले, विषारी असतंय ते, बाळाच्या अंगाला कसं लावू."

मी फोन कानाला तसाच धरून बसलो होतो. आप्पांचे हात मला माहीत आहेत. लहानपणापासून ते कधी निळे, कधी पिवळे, कधी नुसते काळे असे बघितलेत. पण आप्पांनी मला उचलून घेतल्याची आठवण माझ्याकडे खरंच फार कमी आहे, आणि त्याचं कारण मी माझ्या मनाशी काहीतरी वेगळंच धरून बसलो होतो इतकी वर्षं.

मग आई म्हणाली, "तू राहा तिच्याजवळ. विहीणबाईंना मी बोलते."

आणि ती बोलली. सासूबाईंनीही मोठं मन दाखवलं, कारण त्यांच्या बाजूनेही लोक बोलणार होतेच, लेकीला माहेरी आणली नाही म्हणून. ठरलं असं की बाळंतपण पुण्यात, आणि सासूबाई आमच्याकडे येऊन राहणार. मी हॉलमध्ये गादी टाकणार. बास.

हॉस्पिटल शोधताना मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचो, मला लेबर रूममध्ये थांबता येईल का? एका ठिकाणी तर रिसेप्शनवरच सांगितलं, जेन्ट्स अलाउड नाहीत, विषय संपला. बायको तिथे तपासायला गेली होती, तिला ते डॉक्टर आवडलेही होते, तरी आम्ही ते सोडलं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगते की बाळंत होताना बाईला हवं ते माणूस तिच्याजवळ असू द्यावं, त्याने तिचा त्रास खरंच कमी होतो. तिसऱ्या हॉस्पिटलमधल्या मॅडम म्हणाल्या, थांबा की, पण घाबरून खाली पडू नका, आणि सांगितलं की आधी दोघांनी येऊन लेबर रूम बघून जा. गेलो. पलंग, वरचा मोठा दिवा, कोपऱ्यात बाळाला ऊब द्यायचं वॉर्मर. बायकोने वॉर्मरच्या गादीवर हात ठेवून बघितला, गरम होतं का ते.

रजेचं म्हणाल तर तिला कायद्याने सव्वीस आठवडे आहेत, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. ती आधी कमीत कमी घेणार, म्हणजे नंतर बाळाजवळ जास्त राहता येईल. मला कंपनी पाच दिवस देते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, खाजगी नोकरीत बापाला कायद्याने एकही दिवस नाही. यावर मला मनापासून राग येतो. बाप त्या पहिल्या दिवसांत घरात लागतो, रात्री तीनला लागतो. मी गेल्या वर्षभरात एकही सुट्टी न घेता बावीस रजा साठवल्यात.

ऑगस्टमध्ये विसाव्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी झाली, अॅनॉमली स्कॅन. त्यात बाळाचा एक एक अवयव बघतात, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा. आत जाण्याआधी सही करावी लागते की आम्हाला मुलगा आहे की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही. भिंतीवर तो बोर्ड असतोच. सही करताना मला दरवेळी आमचा सांगली जिल्हा आठवतो. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो, ऑफिसमध्ये लोक विचारायचे, तुमच्याकडचं ना हे, आणि मला मान वर करवत नव्हती. गर्भलिंग निदानाच्या विरोधात देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये, देशाचा कायदा त्यानंतर १९९४ चा. म्हणजे माझं आणि त्या कायद्याचं वय एकच. तरी हे झालं.

म्हणून डोहाळजेवणाच्या वेळी एका गोष्टीवर मी अडून बसलो. दिवाळीनंतरच्या रविवारी कार्यक्रम केला, सोसायटीच्या हॉलमध्ये, हिरवी साडी, फुलांचे दागिने, धनुष्यबाण, सजवलेला झोपाळा, सगळं हौसेने. सगळं मला आवडलं. फक्त ते पेढा का बर्फी नको म्हटलं, दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, तिने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. लोक म्हणतात गंमत आहे, आणि बहुतेकांची ती गंमतच असते, मान्य. पण मी लहानपणापासून बघितलंय, पेढा निघाला की टाळ्या जोरात वाजतात आणि बर्फी निघाली की कुणीतरी म्हणतंच, असू दे, पहिली बेटी धनाची पेटी. त्या "असू दे"चं मला वाईट वाटतं. माझ्या बाळाच्या वाट्याला जगात यायच्या आधीच "असू दे" नको. आत्याबाई थोड्या नाराज झाल्या. मग आईनेच मार्ग काढला, दोन्ही वाट्यांत पुरणपोळीचे तुकडे ठेवले आणि बायकोला म्हणाली, "पोरी, दोन्ही उघड आणि दोन्ही खा."

नोव्हेंबरात मात्र पुन्हा काळजी लागली. बत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीत बाळ पायाळू निघालं. डोकं वर, पाय खाली. मॅडम शांत होत्या, म्हणाल्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास चारातलं एक बाळ असंच असतं आणि नऊ महिने भरेपर्यंत शंभरात जेमतेम तीन-चार तशी राहतात, बाकीची आपोआप फिरतात, अजून वेळ आहे. पण पायाळू हा शब्द आपल्याकडे नुसता शब्द नाही ना. आईला सांगितल्यावर तिने आधी देवाचं नाव घेतलं आणि मग सगळं सांगून टाकलं. पायाळू माणसाला विजेचं भय असतं, पावसात बाहेर जाऊ देत नाहीत, आणि कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेतात, उसण उतरते म्हणतात. आमच्या गल्लीत एक पायाळू तात्या होते, त्यांच्याकडे ओट्यावर लोक पालथे झोपलेले मी स्वतः बघितलेत. बायको हे ऐकून हसली, पण रात्री विचारलं, "सिझर करावं लागेल का रे?" मी म्हटलं लागलं तर करू, तुम्ही दोघं नीट असलात की झालं. ती म्हणाली, ते मलाही माहितीये, तरी तू परत म्हण. मी परत म्हटलं.

तेव्हापासून रात्री झोपताना पोटावर हात ठेवून बाळ कुठे आहे ते ओळखायचा आमचा नेम झाला. वर बरगडीखाली एक टणक गोल लागायचं, ते डोकं. हलकं दाबलं की ते थोडं सरकायचं आणि परत जागेवर यायचं. खाली लाथा. मॅडमनी सांगितलंय की जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. आमचं बाळ अर्ध्या तासात दहा पूर्ण करतं. मी मोजतो, ती झोपून जाते.

गेल्या आठवड्यात सासूबाई आल्या. येताना डिंकाचं, अळिवाचं सामान, आणि एक जुनं गाठोडं. गाठोडं आमच्या आईने बार्शीला पाठवलेलं होतं हे मला माहीतच नव्हतं. उघडलं तर आत आज्जाची तीन धोतरं. आज्जा जाऊन अकरा वर्षं झाली. आई म्हणाली, आप्पांनी स्वतः ट्रंकेतून काढून दिली. नवं कापड बाळाच्या अंगाला बोचतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतरच लागतं दुपट्यांना आणि लंगोटांना. सासूबाईंनी ती गरम पाण्यात दोनदा उकळली, उन्हात कडक वाळवली, आणि मग हॉलमध्ये फरशीवर पसरून बसल्या. काठ आधी कापून बाजूला काढला. मग कात्रीने बोटभर चीर दिली आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात फाडलं, चर्र करून एक सरळ रेघ टोकापर्यंत गेली. म्हणाल्या, "जावईबापू, मऊ कापड कधी कात्रीनं कापू नये, फाडावं, म्हणजे धाग्याला धागा सुटतो आणि कड टोचत नाही." मी दुसरं टोक धरलं. सुरुवातीला माझं वाकडं जात होतं, मग जमलं. चौकोनी दुपटी, त्रिकोणी लंगोट, दोन झबल्यांपुरतं कापड वेगळं. त्या धोतरावर एका ठिकाणी फिकट निळा डाग होता, कितीही उकळला तरी राहिलेला. सासूबाई तेवढा भाग काढून टाकणार होत्या. मी तो तुकडा मागून घेतला, कपाटात ठेवलाय.

सासूबाईंचं आणि डॉक्टरांचं जिथे जुळत नाही तिथे मी आधीच बोलून घेतलंय. शेक-शेगडी, धुरी नको, बाळगुटी नको, मध चाटवायचा नाही, पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं आणि सहा महिने फक्त आईचं दूध. पहिला पिवळा चीक आमच्याकडे पिळून टाकायचे, मला म्हणे तीन दिवस मधाचं बोट होतं. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो. नाहीतर आम्ही कशाला टाकलं असतं?" मग बराच वेळ त्या धोतराच्या घड्या घालत राहिल्या.

आज पस्तीस पूर्ण झाले. सकाळी तपासणी होती. मॅडमनी दोन्ही हातांनी पोट चाचपलं, एकदा वर, एकदा खाली, आणि म्हणाल्या, "फिरलं की हो!" डोकं खाली आलंय. कधी फिरलं आम्हाला कळलंही नाही, बुधवारी रात्री ती दचकून उठली होती तेव्हाच असेल असं तिचं म्हणणं. मग मशीनचे पट्टे पोटाला बांधले आणि वीस मिनिटं ठोक्यांची नोंद घेतली. स्पीकरवर तो आवाज खोलीभर, घोडा दौडत यावा तसा, एकशे चाळीसच्या आसपास. सिस्टरांना विचारून मी मोबाईलवर मिनिटभर रेकॉर्ड केलं.

संध्याकाळपर्यंत धीर धरवेना म्हणून दुपारीच फोन लावला. आप्पा बागेत होते, गावाकडे दोन दिवस ढगाळ आहे, भुरीच्या बुरशीचं औषध मारणं चालू होतं, मागे ट्रॅक्टरचा आणि ब्लोअरचा दणका.

"आज किती झालं?"

"पस्तीस पूर्ण."

"बागेला बासष्ट."

मी सांगितलं की बाळ फिरलं, डोकं खाली आहे. काय म्हणालास म्हणाले, ऐकू येत नाही. परत सांगितलं. मग म्हटलं, आप्पा, ठोके रेकॉर्ड केलेत, ऐकवू का?

"थांब," म्हणाले. आधी ब्लोअरचा आवाज बंद झाला. मग ट्रॅक्टरचा. मग हातमोजे काढल्याचा आवाज आला, आणि लांब कुठेतरी साळुंक्या.

मी बायकोच्या फोनवर रेकॉर्डिंग लावून माझ्या फोनजवळ धरलं. मिनिट संपलं. तिकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"आप्पा?"

"हाय, हाय," ते म्हणाले. "परत लाव."